राजासारखं की पंडितासारखं?

भंतेजी माझ्या मुलापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठे असतील. माझी खरी अडचण इथूनच सुरू झाली.

2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्हा बौद्ध घरांत आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हे तीन महिने वर्षावासाचे. पावसाळ्यात भिक्खूंनी गावोगाव न फिरता एका ठिकाणी राहावं, ही बुद्धाच्या काळापासूनची रीत. विहारात रोज संध्याकाळी वंदना होते, मग बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन. आम्ही बायका स्वयंपाकाची निम्मी तयारी करून, पांढऱ्या साड्या नेसून जातो. त्या वर्षी आमच्या खुलताबादच्या वस्तीतल्या लहानशा विहारात हे तरुण भंते मुक्कामाला आले. विदर्भाकडचे. बोलण्यात तिकडचा हेल, आणि मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच!

मी पडले शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेव्हा पंचवीस वर्षं झालेली. शिवाय माझं माहेर औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. माझे वडील नागसेनवनात शिकलेले. बाबासाहेबांनी 1950 साली तिथं कॉलेज काढलं, पुढे त्याला मिलिंद राजाचं नाव दिलं, तिथं माझे वडील बी. ए. झाले. घरात पुस्तकांचं कपाट होतं. या सगळ्याचा मला अभिमान होता. अभिमान कुठं संपतो आणि ताठा कुठं सुरू होतो, ते मात्र आपलं आपल्याला दिसत नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी प्रवचन संपल्यावर मी भंतेजींजवळ गेले आणि चारचौघींच्या देखत त्यांनी फळ्यावर लिहिलेल्या तीन शब्दांच्या चुका दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. चिवराच्या घडीतून एक लहान वही काढली, तिन्ही शब्द त्यात बरोबर करून लिहिले आणि म्हणाले, “साधू, साधू. उपकार झाले, बाई.”

घरी येताना मला वाटलं, आपण आज मोठंच काम केलं. बरोबर चालणाऱ्या सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. आत्याबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांचा सगळा जन्म रोजंदारीत आणि चुलीपुढं गेला. दारात चपला काढताना एवढंच म्हणाल्या, “त्यांनी वही काढली गं. तू असतीस तर काढली असतीस का?”

मला राग आला. पण उत्तर सुचलं नाही.

आता त्या वर्षी घरात काय चाललं होतं, ते सांगायला हवं. आमचा धाकटा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दुसऱ्या वर्षाचे विषय राहिले, आणि त्यानं ते वर्षभर आमच्यापासून लपवलं. आम्ही फी भरत होतो, मी फराळाचे डबे पाठवत होते, आणि हा परीक्षेला बसलाच नव्हता. डिसेंबरात ते उघडकीला आलं. मोठ्या मुलीच्या सासरची माणसं घरात होती. त्यांच्यासमोर मी त्याला जे बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगते. “तुझ्या आजोबांचं नाव घ्यायचीही तुझी लायकी नाही.”

त्यानं बॅग उचलली आणि निघून गेला. वाळूजला मित्राच्या खोलीवर राहायला लागला, तिथल्याच एका कारखान्यात कामाला लागला. फोन करायचा तो वडिलांना. मी समोर असले तर हे अंगणात जाऊन बोलायचे. आठवड्यातून एकदा. असे सात महिने गेले. खुलताबादहून वाळूज ते किती लांब? तासाभराचा रस्ता. पण मी गेले नाही. ‘चूक त्याची, यायचं त्यानं.’ रात्री झोप लागायची नाही. ह्यांनी दोनदा विषय काढला, दोनदा मी त्यांनाच चार गोष्टी सुनावल्या.

शेवटी एका दुपारी मी भंतेजींकडे गेले. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून त्यांचं भोजनदान अकराच्या सुमारास असतं. त्या दिवशी आमची पाळी होती. आत्याबाईंच्या हातच्या भाकऱ्या, शेपूची भाजी आणि वरण घेऊन आम्ही दोघी गेलो. जेवण आटोपल्यावर मी सगळं सांगितलं. माझी अपेक्षा सरळ होती. त्यांनी मुलाला बोलावून घ्यावं, दोन उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात. वयानं जवळचे आहेत, तो ऐकेल.

भंतेजींनी विचारलं, “बाई, तुमचं माहेर नागसेनवनाजवळचं ना? मग नागसेनानं मिलिंदाला वादासाठी कोणती अट घातली, ते सांगा.”

मला ते आठवेना. कपाटात ते पुस्तक होतं, मी वाचलंही होतं!

मग त्यांनीच सांगितलं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला, सागल ही त्याची राजधानी. वादविवादात कुणाला हार जायचा नाही. भल्याभल्यांना त्यानं निरुत्तर केलेलं. तो नागसेन भिक्खूंशी वाद घालायला आला, तेव्हा नागसेनांनी त्याला सांगितलं, की पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. दोन्हींत फरक काय, असं राजानं विचारलं. पंडित बोलतात तेव्हा एकमेकांच्या चुका निघतात, त्या कबूलही करतात, पण कुणी रागावत नाही. राजा बोलतो तेव्हा तो एक गोष्ट धरून बसतो, आणि जो ‘नाही’ म्हणेल त्याला शिक्षा ठोठावतो. मिलिंद म्हणाला, पंडितांसारखं बोलू. एवढा मोठा राजा, पण त्या घटकेपुरता त्यानं मुकुट बाजूला ठेवला. पुढे जे काही शिकला, ते त्यानंतर. आणि शेवटी त्याच भिक्खूचा उपासक झाला.

“तुम्ही मुलाशी कसं बोललात?” भंतेजींनी विचारलं.

मी गप्प बसले. शिक्षा ठोठावून तर सात महिने झाले होते.

“त्याच संवादात रथाची गोष्ट आहे,” ते म्हणाले. “राजा रथातून आला होता. नागसेनांनी विचारलं, चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. दांडी म्हणजे रथ का? तेही नाही. मग बाई, मार्कांचा कागद म्हणजे मुलगा का?”

मला रडू आलं. आत्याबाई शेजारी बसून पदरानं ताटं पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

पण भंतेजींनी मुलाला बोलावलं नाहीच. उलट मलाच अभ्यास दिला! आश्विन पौर्णिमेपर्यंत घरात कुणीही बोलत असेल, तर त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत बोलायचं नाही. पुरं झालं, की तीन श्वास येताना-जाताना बघायचे. मग बोलायचं. आणि बोलण्याची सुरुवात ‘पण’नं करायची नाही. बस्स, एवढंच.

खरं सांगते मैत्रिणींनो, मला तो अपमान वाटला. मी आले मुलाचं गाऱ्हाणं घेऊन, आणि पंचवीस वर्षांचा मुलगा मला पहिलीच्या पोरासारखा गृहपाठ देतो! मी म्हटलं, “भंतेजी, बुद्धानं तर कुणाचंही आंधळेपणानं ऐकू नका असं सांगितलंय.” हे मला पाठ होतं. कालाम लोकांना बुद्धांनी केलेला उपदेश प्रसिद्धच आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखा, हिताची ठरली तर आचरा.

भंतेजी हसले. म्हणाले, “अगदी बरोबर. पण पारखायचं कसं? न करता? पंधरा दिवस करून बघा. उपयोग नाही झाला, तर सोडून द्या. मीसुद्धा वहीत लिहून ठेवीन, की हा उपाय चालला नाही.”

परत येताना मला माझ्या लग्नानंतरचे दिवस आठवले. 1991 साली मी या घरात आले ती डी. एड.ची सनद घेऊन. भाकरी मात्र येत नव्हती. माहेरी पोळ्यांची सवय. आत्याबाई परातीपाशी बसून दाखवायच्या. पीठ गरम पाण्यात भिजव, तळहाताच्या टाचेनं मळ, पीठ भुरभुरून थाप, हात फिरव म्हणजे भाकरी आपोआप फिरते. मी म्हणायची, “येतंय मला.” आणि भाकरी तव्यावर टाकताना अर्धी हातात राहायची. तीन महिने हेच चाललं. कारण माझ्या डोक्यात एकच, की अंगठा उठवणारी बाई मला काय शिकवणार! एका सकाळी ह्यांच्या डब्याची वेळ झाली आणि तिसरी भाकरी मोडली, तेव्हा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “आत्याबाई, मला येत नाही. शिकवा.” त्या दिवशी चौथी भाकरी टम्म फुगली. त्यांची शिकवण्याची रीत तीच होती, शब्दही तेच होते. मी ‘येत नाही’ म्हटल्यावर माझे कान तेवढे उघडले होते.

एवढा धडा एकदा गिरवूनही माणूस विसरतो, हे नवल आहे.

मी अभ्यास सुरू केला. पहिले चार दिवस फार वाईट गेले. आपण दिवसातून किती वेळा दुसऱ्याचं बोलणं तोडतो, हे मोजलंत तर तुम्हालाही धक्का बसेल. शाळेत पोरांचं, घरी ह्यांचं, दारात भाजीवालीचं. भाजीवाली भाव सांगायच्या आधीच माझी घासाघीस सुरू! हे तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तुझी तब्येत बरी आहे ना?”

दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी विहारातल्या आम्ही दहा-बाराजणी भंतेजींबरोबर वेरूळला गेलो. घाट उतरला की वेरूळ. आम्हा खुलताबादकरांना ते अंगणच. शाळेच्या सहली घेऊन मी तिथं वीस वेळा तरी गेले असेन. एक ते बारा क्रमांकाची लेणी बौद्धांची, साधारण सहाव्या ते आठव्या शतकांतली, हे मी पोरांना घडाघडा सांगायची. पाचव्या लेण्यात लांबच लांब दोन बुटके दगडी बाक आहेत. भंतेजींनी आम्हाला त्यांच्या कडेनं बसवलं. सगळ्या एका रांगेत, एका उंचीवर. कुणी मास्तरीण नाही, कुणी मजूर नाही.

मग दहावं, विश्वकर्मा लेणं. लोक त्याला ‘सुतार का झोपडा’ म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. समोर स्तूप, आणि त्याला टेकून पाय खाली सोडून बसलेले बुद्ध, दोन्ही हात छातीशी, धम्म समजावून सांगत असलेले. आत्याबाईंनी आपल्या चिरक्या आवाजात त्रिशरण म्हटलं, आणि त्या कमानीत ते असं घुमलं की अंगावर काटा आला.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वीस वेळा आले, त्या वीसही वेळा मी बुद्धाच्या बाजूला उभी राहून, त्यांच्याकडे पाठ करून पोरांना माहिती सांगत होते. पोरं बसतात तिथं मी कधी बसलेच नव्हते. त्या दिवशी प्रथमच खाली फरशीवर बसून त्या चेहऱ्याकडे वर पाहिलं.

आमचा हा मुलूखच गुरू-शिष्यांचा आहे. खुलताबादेत सूफी बुऱ्हाणुद्दीनचा दर्गा आहे, आणि त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांचाही. जवळच देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पायाशी एकनाथ शिकले. पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती नागपूरची 14 ऑक्टोबर 1956 ची सकाळ. बाबासाहेबांएवढा ग्रंथ वाचलेला माणूस शोधून सापडायचा नाही. धर्म बदलणार हे त्यांनी 1935 साली येवल्याला जाहीर केलं होतं, आणि त्यानंतर एकवीस वर्षं ते पारखत राहिले. पण पारख झाली, तेव्हा वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांच्यासमोर हात जोडून त्यांनी आणि माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. बुद्धमूर्तीपुढं तीनदा वाकून वंदन केलं. मग स्वतः लाखो लोकांना दीक्षा दिली. आधी डोळे उघडे ठेवून पारखणं, आणि पटल्यावर संकोच न करता वाकणं, दोन्ही त्यांनी करून दाखवलं. मी मात्र पारखण्याच्या नावाखाली नुसती ताठ उभी होते.

सप्टेंबरातल्या एका रात्री फोन आला. हे अंगणात निघाले, दारात थांबले आणि परत येऊन त्यांनी फोन माझ्या हातात दिला. माझे हात थरथरत होते. मी म्हटलं, “बोल.”

तो बराच वेळ गप्प होता. मीही. श्वास येताना-जाताना पाहत होते. मग तो बोलायला लागला. पंचवीस मिनिटं. मधे चार वेळा ‘पण’ माझ्या जिभेवर आला, चारही वेळा गिळला. त्यातून कळलं ते असं. तो आळसानं परीक्षेला बसला नव्हता असं नाही. तो गेला होता. कॉलेजच्या फाटकापर्यंत जायचा आणि पोटात गोळा यायचा, छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आणि तो परत खोलीवर यायचा. तीन पेपरांना हेच झालं. कुणाला सांगायचं? आईला सांगितलं तर आई काय म्हणेल, हे त्याला पाठ होतं.

“तू आजोबांचं नाव काढशील, म्हणून सांगितलं नाही,” तो म्हणाला.

मी तीन श्वास घेतले. मग म्हटलं, “माझं चुकलं.” पन्नाशीला आलेल्या बाईला हे दोन शब्द उच्चारायला किती जड जातात, ते ज्यांनी उच्चारले त्यांनाच कळेल.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती झाली, खीरदान झालं. त्या दिवशी तो घरी आला. गोष्टीत शोभावं तसं पुढं सगळं गोड झालं, असं मात्र नाही. तो इंजिनिअरिंगला परत गेला नाही. डॉक्टरांकडे नेलं. अशी भीती हा आजार असतो आणि त्यावर उपचार असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. वर्षभर औषध आणि डॉक्टरांशी बोलणं, दोन्ही चाललं. पुढे नोकरी करता करता त्यानं पदविका पुरी केली. आज तो स्वतःच्या पायावर उभा आहे, आणि पहिला फोन मला करतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘नमतं घे’ हे आपण बायका जन्मभर ऐकत आलो आहोत. मी सांगते ती नम्रता ती नव्हे. मार खाऊन गप्प बसणं, अन्याय पोटात घालणं, याला मी गुण मानत नाही. मला त्या तीन महिन्यांत जे समजलं ते असं, की भीतीनं वाकणं वेगळं आणि शिकण्यासाठी वाकणं वेगळं. पहिल्यात आपण लहान होतो. दुसऱ्यात आपल्या हाताला काही लागतं.

आणि मार्गदर्शक निवडतानाही डोळे झाकू नयेत. जो प्रश्न विचारू देत नाही, जो पैशावर नजर ठेवतो, जो ‘घरी सांगू नका’ म्हणतो, जो दुखण्याला औषध बंद करायला सांगतो, त्याच्या दारातूनच परतावं. बुद्धांनी स्वतःला वाट दाखवणारा म्हटलं, चालण्याचं काम ज्याचं त्यानं करायचं. माझ्या भंतेजींनी मला ना दोरा दिला ना अंगारा. तीन श्वास दिले, आणि स्वतःची चूक लिहून घेण्याची वही दाखवली.

ते पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी गेले. आत्याबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. भाकरी थापताना अजून त्यांचा आवाज कानात येतो.

मी आता निवृत्त झाले आहे. जीभ पूर्वीसारखीच तिखट आहे. दिवाळीत धाकटा आला होता. मी ह्यांना काहीतरी सुनावत होते, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “आई, बाबांचं वाक्य पुरं नाही झालं.”

तोंडापर्यंत आलं होतं, “पण तू मला शिकवणार?”

मी तीन श्वास घेतले. टीपॉयवर दुधाच्या हिशेबाची वही पडली होती. ती ओढली, मागच्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, ‘ह्यांचं बोलणं तोडलं.’

तो हसायला लागला. मग हेही हसले.